नैरोबी की दार-एस-सलाम? आधी तुमच्या दिवसाचं बोलू

वाचकाचं पत्र :

आम्ही नाशिकचे. माझे पती प्लास्टिकच्या कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर आहेत, वय ४१. त्यांना पूर्व आफ्रिकेतून दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय. नैरोबीची कंपनी महिना ३,२०० डॉलर देते, घर आपलं आपण बघायचं. दार-एस-सलामची कंपनी २,६०० डॉलर देते, पण उपांगा भागात कंपनीचा फ्लॅट आहे. करार दोन्हीकडे तीन वर्षांचा. मुलगी सात वर्षांची, सीबीएसई शाळेत दुसरीला. सासूबाई ६८ वर्षांच्या, त्या वर्षातले काही महिने आमच्याकडे असतील. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. नेटवर याद्या पाहिल्या, केनिया बहुतेक सगळीकडे टांझानियाच्या वर दिसतो, म्हणून यांचं मन नैरोबीकडे आहे. नातेवाईक म्हणतात नैरोबीत लुटालूट फार. आता टांझानियात निवडणुकीनंतर गोळीबार झाल्याचंही वाचलं. नेमकं कुठलं राहणीमान चांगलं? माझं काय, मी कुठेही जमवून घेईन.
— एक वाचक, नाशिक

प्रिय वाचक,

तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीपाशी मी थांबले. पतीचा पगार, मुलीची शाळा, सासूबाईंचं वय, सगळं तुम्ही नीट मांडलंत आणि स्वतःला एका ओळीत उरकलंत. हीच ओळ २००१ साली दार-एस-सलामला, म्हणजे आमच्या तोंडी नुसतं ‘दार’, तिकडे निघताना मी माझ्या आईला ऐकवली होती. नंतर सहा वर्षं दारमध्ये आणि आठ वर्षं नैरोबीत संसार केला. अजूनही जाणं-येणं आहे, तिथल्या शेजारणींचे फोन असतात. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली. कारखान्यात जाणाऱ्या माणसाचा दिवस दोन्ही शहरांत सारखाच असतो. सकाळी सातला गाडी येते, दिवसभर मशिनं आणि माणसं, अंधार पडता पडता घर. शहर खरं वाट्याला येतं ते घरी राहणाऱ्याच्या. म्हणून मी तुमच्या घराचा हिशेब तुमच्यापासून सुरू करणार आहे.

पण आधी त्या याद्या. त्या खोट्या नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या मानव विकास अहवालात केनिया १४३ वा आहे आणि टांझानिया १६५ वा. दरडोई उत्पन्न केनियात वर्षाला साधारण २,००० डॉलर, टांझानियात १,२०० च्या आसपास. वीज केनियात साधारण तीन-चतुर्थांश लोकांपर्यंत पोचली आहे, टांझानियात अजून निम्म्या लोकांच्याच जवळपास. शाळेतली वर्षं केनियात जास्त. मात्र त्याच अहवालात एक आकडा उलटा आहे आणि तो सहसा कोणी वाचत नाही : सरासरी आयुर्मान टांझानियात सुमारे ६७ वर्षं, केनियात ६४ च्या आसपास. हातात पैसा कमी असलेल्या देशातला माणूस तीन वर्षं जास्त जगतो. तेव्हा वरचा नंबर म्हणजे सगळंच वर, असं नसतं.

आणि हे आकडे ज्यांचे आहेत ती माणसं वेगळी. नैरोबीच्या मुकुरू वस्तीतून पहाटे इंडस्ट्रियल एरियाकडे पायी निघणारा कामगार, दारच्या म्बागाला वस्तीतून दालादालात, म्हणजे मिनीबसमध्ये, उभ्याने येणारी बाई, यांची ती सरासरी आहे. तुमचे पती त्याच कारखान्यात या कामगाराच्या कितीतरी पट पगार घेऊन बसणार आहेत. तुमच्या घराला पाण्याची टाकी असेल, जनरेटर असेल, दाराशी आस्कारी म्हणजे वॉचमन असेल. देशाची सरासरी तुमच्या फाटकाबाहेर राहते. त्यामुळे त्या यादीवरून तुमचा निर्णय होणार नाही.

आता पैशाचं. ३,२०० आणि २,६०० हे आकडे बघून ६०० डॉलरचा फरक दिसतो, पण पहिला प्रश्न हा की हे आकडे कर कापण्याआधीचे की हातात येणारे? भारतीय मालकांच्या कंपन्यांत दोन्ही पद्धती चालतात आणि पत्रात नुसता ‘पगार’ लिहून मोकळे होतात. कापण्याआधीचे धरले तर केनियात महिन्याला ३२ हजार शिलिंगांच्या वर लगेच ३० टक्क्यांचा दर लागतो. त्याखेरीज आरोग्य निधीचे पावणेतीन टक्के, घरबांधणी निधीचा दीड टक्का आणि पेन्शनची कपात. माझ्या ढोबळ हिशेबाने ३,२०० मधले २,१५० ते २,२०० डॉलर हातात पडतील. पार्कलँड्स किंवा वेस्टलँड्समध्ये, जिथे आपली माणसं राहतात, तिथे तीन खोल्यांचं बऱ्यापैकी घर घ्यायचं तर लाखभर केनियन शिलिंग भाडं धरा, म्हणजे ७७५ डॉलरच्या घरात. उरले १,४००. टांझानियात दहा लाख शिलिंगांच्या वर ३० टक्के कर आणि पगारातून दहा टक्के निधी. २,६०० चे साधारण १,७०० हातात येतील आणि भाडं नाही. म्हणजे कमी वाटणारा पगार महिनाअखेरीला ३०० डॉलर जास्त ठेवून जातो. कंपनीच्या फ्लॅटवरही कर आकारला जाऊ शकतो, तो कोण भरणार हे मात्र आधी विचारा.

चलनाचंही विचारा. केनियन शिलिंग २०२४ च्या सुरुवातीला डॉलरला १६० पर्यंत घसरला आणि त्याच वर्षी १३० च्या आसपास परत आला. शिलिंगात पगार ठरलेल्यांनी त्या काळात घरी पाठवायचे पैसे हातातून गळताना पाहिले. टांझानियात २०२५ पासून देशातल्या व्यवहारांचे भाव परकीय चलनात लावायला बंदी आली आहे. तेव्हा डॉलरमधला आकडा कुठल्या दिवसाच्या कोणत्या दराने शिलिंगात बदलणार, हे वाक्य करारात हवं.

हवेबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण नैरोबीची हवा वर्णन करायला लागले की मी थांबत नाही. सतराशे मीटरच्या वर वसलेलं शहर. बारा महिन्यांत कधीच पंखा लागत नाही, जुलैत गोधडी लागते, ऑक्टोबरात जकरंडाच्या जांभळ्या फुलांनी रस्ते भरून जातात. नाशिकच्या माणसाला दोन दिवसांत आपलं वाटेल. दार म्हणजे समुद्राकाठचा दमटपणा, डिसेंबर ते मार्च अंगाला चिकटणारा. जून ते सप्टेंबर मात्र सुरेख.

हवेपेक्षा मोठा फरक डासांचा आहे. उंचीमुळे नैरोबी शहरात मलेरियाचा धोका फार कमी. दारमध्ये तो वर्षभर असतो, आणि तिथला बहुतेक मलेरिया फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे लहान मुलाला दोन दिवसांत गंभीर करणारा. घाबरवायला सांगत नाहीये, दारमध्ये हजारो भारतीय मुलं खणखणीत वाढली आहेत. पण नियम पाळावे लागतात. खिडक्यांना जाळ्या, पलंगाला मच्छरदाणी, संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे. ताप आला की ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही, त्याच दिवशी रक्त तपासायचं. बोटातून थेंबभर रक्त घेऊन पंधरा-वीस मिनिटांत निदान होतं, आणि वेळेवर औषध मिळालं तर मूल चार दिवसांत खेळायला लागतं. माझ्या मुलाला तीनदा झाला. तिसऱ्यांदा तो झाला दिवाळीच्या सुट्टीत, आम्ही भारतात आलेलो असताना. इथे तापाला व्हायरल समजून दोन दिवस गेले. ‘आम्ही आफ्रिकेतून आलोय’ हे मीच ठासून सांगायला हवं होतं. सुट्टीत नाशिकला आल्यावर कोणालाही ताप आला, तर डॉक्टरांच्या खोलीत शिरताना तुमचं पहिलं वाक्य हेच असू द्या.

सासूबाईंसाठी नैरोबी जास्त सुसज्ज. तिथलं आगा खान विद्यापीठाचं रुग्णालय आसपासच्या देशांतून रुग्ण यावेत इतकं मोठं आहे. दारमध्येही आगा खान रुग्णालय आहे, सरकारी मुहिंबिली रुग्णालयाच्या आवारातली हृदयरोग संस्था नावाजलेली आहे. पण गुंतागुंतीच्या आजारात दारची मंडळी नैरोबीला किंवा सरळ मुंबईला जातात, ही वस्तुस्थिती आहे. विम्यात सासूबाई येतात का आणि विमानाने हलवण्याचा खर्च येतो का, ही दोन उत्तरं लेखी घ्या.

मुलीच्या शाळेचा निर्णय मला सोपा वाटतो. तुम्ही तीन वर्षांसाठी जाताय. दारमध्ये सीबीएसईची शाळा आहे, ती पाचवीत परत आली तर गाडी त्याच रुळावर असेल. नैरोबीत आपली बहुतेक मुलं ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांत जातात. उत्तम शाळा आहेत, मैदानं पाहून आपला जीव सुखावतो, पण फी जड, आणि तीन वर्षांनी परतताना हिंदी-मराठी बुडालेली असते. तिथेच दहा-बारा वर्षं काढायची असती तर मी उलट सांगितलं असतं.

आता तुमचा दिवस.

नोकरीचं आधी स्पष्ट सांगते, कारण ‘तिकडे गेल्यावर बघू, शिक्षकांना मागणी असते’ असं तुम्हाला कोणीतरी सांगितलेलं असणार. दोन्ही देशांत पतीच्या परमिटवर गेलेल्या बायकोला स्वतःच्या स्वतंत्र परमिटाशिवाय नोकरी करता येत नाही. टांझानियाने तर जुलै २०२५ मध्ये परदेशी माणसांना पंधरा प्रकारचे छोटे धंदे करायलाच मनाई केली. किरकोळ दुकान, सलून, मोबाइल दुरुस्ती, टूर गाइड, असे. माझ्या काळात घरबसल्या पार्लर चालवणाऱ्या मैत्रिणी होत्या, तो रस्ता आता बंद समजा. गणिताच्या शिक्षिकेला दोन वाटा आहेत. एक, मुलीच्याच शाळेशी निघण्यापूर्वी पत्रव्यवहार करून, त्यांना गरज असेल तर त्यांच्यामार्फत परमिट. दुसरी, नाशिकच्या मुलांना ऑनलाइन शिकवणं. वेळ अडीच तास मागे, इथले संध्याकाळचे सहा म्हणजे तिथले साडेतीन, मुलगी शाळेतून यायची वेळ. परमिटाच्या आणि कराच्या दृष्टीने हे कसं बसवायचं, ते कंपनीच्या परमिटचं काम बघणाऱ्या माणसाकडून आधी समजून घ्या. चोरून काही करू नका, पकडलं गेलं तर पतीचंही परमिट अडचणीत येतं.

आणि जी कायमची नोकरी सोडून चाललात, तिथे बिनपगारी रजा मिळते का ते राजीनामा लिहिण्याआधी विचारा. मी विचारलं नव्हतं.

दिवसाचे उरलेले तास कसे जातात, हे शहराच्या रचनेवर ठरतं. नैरोबीत पार्कलँड्समध्ये सगळं आहे : मंदिरं, गुजराती दुकानं, ढोकळ्यापासून पापडापर्यंत. पण आयुष्य फाटकाच्या आत. तारांचं कुंपण, गाडीतून शाळा, गाडीतून मॉल, गाडीतून मैत्रिणीकडे. अंधारात पायी कोणी निघत नाही. गाडी चालवता येत नसेल तर बाई तिथे घरात अडकते. तुम्ही चालवता का, हे पत्रात नाही, म्हणून विचारते. चालवत असाल तर नैरोबीसारखं सुख नाही. करुरा जंगल ऐन शहरात आहे. ते बिल्डरांच्या घशातून पर्यावरणासाठी लढणाऱ्या वांगारी माथाई आणि त्यांच्या सोबतच्यांनी मार खाऊन वाचवलं. पुढे २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तिकीट काढून आत शिरलं की दोन तास बायका निर्धास्त चालतात. माझी तिथली सगळ्यात चांगली वर्षं त्या पायवाटांवर गेली.

दारचं उपांगा आणि शेजारचं किसुटू हे वेगळंच प्रकरण. जुन्या तीन-चार मजली इमारती, खाली दुकानं, हाकेच्या अंतरावर मंदिरांची गल्ली, संध्याकाळी गॅलरीत उभ्या बायका. दिवसा पायी भाजी आणता येते. लांब जायचं तर ‘बजाजी’, म्हणजे आपली रिक्षा, जिला तिथे कंपनीच्या नावानेच हाक मारतात. बऱ्याचशा आपल्या वाळूजच्या कारखान्यातून निघालेल्या. परक्या शहरात त्या तीन चाकांच्या आवाजाने मला पहिल्या आठवड्यात रडू आलं होतं.

मात्र दारमध्ये भाषेशिवाय चालत नाही. नैरोबीत तुमचं इंग्रजी पुरेल, भाजीवालीपासून बँकेपर्यंत. टांझानियात सव्वाशेच्या आसपास जमाती, पण देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांनी सगळ्यांना स्वाहिलीत बांधलं, प्राथमिक शिक्षण त्याच भाषेत दिलं. म्हणून तिथे माणूस माणसाशी स्वाहिलीतच बोलतो, आणि परक्याने दोन शब्द बोलले तरी चेहरा खुलतो. मी शिकले नव्हते तेव्हाची गोष्ट सांगते. स्वयंपाकघरातला नळ फुटला. फुंदी म्हणजे मिस्त्री, तो फोनवर म्हणाला, ‘सा न्ने’. न्ने म्हणजे चार, एवढं मला येत होतं. मी दुपारी चारला बादल्या लावून वाट बघत बसले. तो सकाळी दहाला येऊन, दार वाजवून, अर्धा तास जिन्यात बसून गेला होता. मी तेव्हा बाजारात. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून चालतं. सकाळी सात म्हणजे पहिला तास, दहा म्हणजे चौथा. आपल्या जुन्या घटका-प्रहरासारखंच, पण हे कोणी सांगितलं तर ना. त्या संध्याकाळी मी खालच्या भाजीवालीसमोर वही घेऊन बसले.

तिने मला भाषा शिकवली. बामिया म्हणजे भेंडी, म्चिचा म्हणजे आपला माठ, चोरोको म्हणजे मूग, म्बाझी म्हणजे तूर. दुकानाला ‘दुका’, मोटारीला ‘गारी’, विम्याला ‘बीमा’, आणि शंभर हजाराला ‘लाकी’. आपलेच शब्द समुद्र ओलांडून तिथे नांदत होते. तिच्या घरी गेले तेव्हा ती एका बुटक्या लाकडी बैठकीवर बसून, पुढे आलेल्या दातेरी पात्यावर नारळ खवत होती. माझ्या आजोळच्या खवणीची सख्खी बहीण. तिला ते म्बुझी म्हणतात, बकरी. त्या नारळाच्या दुधात शिजवलेली तूर आणि मांदाझी म्हणजे गोडसर पुरी, हा तिथला सकाळचा नाश्ता. तिच्या सासूला मी ‘शिकामू’ म्हटलं, वडीलधाऱ्यांना करायचा नमस्कार, आणि म्हातारीने ‘मराहबा’ म्हणत माझ्या डोक्यावर हात ठेवला. तुमच्या सासूबाईंना ते शहर आवडेल असं मला वाटतं ते यामुळे. रस्त्यातली अनोळखी पोरं त्यांना वाकून शिकामू करतील. आणि तुम्हाला तुमच्या नावाने कोणी बोलावणार नाही, ‘मामा अमुक’ म्हणतील, मुलीचं नाव लावून. आपल्याकडे ‘अमकीची आई’ म्हणतात तसं.

नैरोबीत असं प्रेम मिळत नाही असं नाही. तिथल्या माणसांत एक धडाडी आहे, जी मला अजून भुरळ घालते. फोनवरून पैसे पाठवायची एम-पेसाची सोय त्यांनी २००७ सालीच सुरू केली, आपल्याकडे यूपीआय यायच्या कितीतरी आधी. तिथले आपले लोकही मुळं धरून आहेत. १८९६ पासून रेल्वे बांधायला तीस हजारांवर हिंदी मजूर गेले, अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. २०१७ मध्ये केनियाने आशियाई वंशाच्या लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. मूळ गोव्याच्या घरातले पिओ गामा पिंटो तर स्वातंत्र्यानंतर गोरगरिबांच्या बाजूने बोलत राहिले, आणि १९६५ मध्ये नैरोबीत गोळी घालून मारले गेले. पण ज्यांची तिथे तिसरी-चौथी पिढी आहे त्यांच्यात, आणि करारावर तीन वर्षांसाठी आलेल्या आपल्यासारख्यांत, एक अंतर राहतं. दारमध्येही आहे, पण जिन्यात रोज भेट होते, त्यामुळे ते लवकर मिटतं.

सुरक्षिततेबद्दल तुमच्या नातेवाइकांचं अर्धं खरं आहे. नैरोबीत सावध राहावं लागतं. २०१३ मध्ये वेस्टगेट मॉलवर दहशतवादी हल्ला झाला, ६७ माणसं मारली गेली, त्यात आपलीही होती. त्या शनिवारी दुपारी मी तिथून दोन किलोमीटरवर होते. त्यानंतर मॉलच्या दारात गाडीखाली आरसा फिरवणं रोजचंच झालं. दारमध्ये मोठी भीती नसते, पण मोटरसायकलवरून पर्स ओढून नेतात, ओढताना बाई फरफटते. पर्स रस्त्याच्या बाजूला लटकवू नका.

राजकारणाचं तुम्ही विचारलंत. टांझानिया शांत आणि केनिया धगधगता, ही आमच्या काळची समजूत. आम्ही नैरोबीत उतरलो २००७ च्या ऑक्टोबरात, आणि डिसेंबरअखेर निवडणुकीनंतर देश पेटला. अकराशेहून अधिक माणसं गेली. जून २०२४ मध्ये नव्या करांविरुद्ध तरुण पोरं संसदेत घुसली, गोळीबार झाला, आणि शेवटी राष्ट्राध्यक्षांना ते विधेयक मागे घ्यावं लागलं. टांझानियाची शांतता मात्र २९ ऑक्टोबर २०२५ च्या मतदानाच्या दिवशी मोडली. मोठे विरोधी उमेदवार रिंगणाबाहेर ठेवलेले, रस्त्यावर उतरलेल्यांवर गोळ्या, दारमध्ये रात्रीची संचारबंदी, आणि इंटरनेट कित्येक दिवस बंद. माझ्या उपांगातल्या मैत्रिणीचा फोन लागेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. लागला तेव्हा ती म्हणाली, आम्ही ठीक आहोत, पण खालच्या भाजीवालीचा भाचा घरी आलेला नाही. अशा वेळी आपल्यासारख्यांच्या घरात पीठ-तांदूळ असतं आणि कुलूप असतं. झळ लागते ती त्यांना. हे लक्षात ठेवून तिथे राहायचं. तुमच्यापुरतं म्हणाल तर दोन्हीकडे पंधरा दिवसांचा शिधा, थोडी रोकड, भारतीय उच्चायुक्तालयात नावनोंदणी, आणि मिरवणुका-सभांपासून लांब. पुढच्या सार्वत्रिक निवडणुका केनियात २०२७ मध्ये आहेत, म्हणजे तुमच्या कराराच्या आत. टांझानियात २०३० मध्ये.

आता माझं मत. मला स्वतःला नैरोबी जास्त प्रिय आहे. तरी तुमच्या घराला मी दार सांगेन. शिल्लक जास्त, मुलीची शाळा न तुटणारी, आणि तुम्हाला दिवसा पायी बाहेर पडता येईल, शेजार मिळेल. मलेरियाची किंमत त्यात आहे आणि ती मी कमी लेखत नाही.

दोन गोष्टींनी मात्र हे मत फिरेल. कारखाना दारपासून दूर असून पती आठवड्याला एकदाच घरी येणार असतील, तर नको. आणि विम्याची लेखी उत्तरं मिळाली नाहीत, तर सासूबाईंना घेऊन मी त्या शहरात जाणार नाही. मग नैरोबीच, थोडी शिल्लक कमी पडली तरी.

पतींना एकटं पुढे जाऊ द्या. तीन महिन्यांत फ्लॅटला जाळ्या बसल्या का, पाणी किती वेळ येतं, जनरेटर चालतो का, हे त्यांनी बघावं. तुम्ही मुलीचं शाळेचं वर्ष मार्चला पुरं करून निघा. त्यांनी पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत ठेवायला देऊ नये. ‘सगळेच देतात’ असं सांगतील. आमच्या ओळखीतल्या एका तरुणाच्या मालकाने तो दिला नाही म्हणून त्याला वडिलांच्या शेवटच्या आजारात येता आलं नव्हतं. परमिटसाठी लागेल तेवढे दिवस द्यावा, परत घ्यावा.

घरकामाला दादा ठेवाल. तिथे बाईला दादा म्हणतात, म्हणजे ताई. तिचा पगार शेजारणीला विचारून ठरवू नका, शेजारणी कमीच सांगतात. ती राहते कुठे, जायला-यायला दालादालाचं भाडं किती, हे तिलाच विचारा, आणि रविवार तिला पूर्ण सुट्टी.

पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रावर निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या, पिवळं कार्ड पासपोर्टला लावून ठेवा. सामान बांधताना साध्या प्लास्टिकच्या कॅरीबॅगा वापरू नका. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. मसाले कापडी पिशव्यांत किंवा डब्यांत भरा. गोडा मसाला, कोकम, मेतकूट न्या. तूरडाळीचं ओझं नेऊ नका. ती तिथेच पिकते, आणि तिथूनच जहाजाने आपल्याकडे येते.